वनौषधी, अँटिऑक्सिडंट आणि सिकलसेल
(एकोडी, जि. भंडारा येथील व्याख्यान)



वनौषधी हा आपल्याला परका विषय नाही. हिरडा, बेहडा, आवळा ही आपल्या जिल्ह्याच्या जंगलातली झाडे आपण लहानपणापासून ओळखतो. याच तीन फळांचा औषध म्हणून उपयोग करण्यास भगवान बुद्धांनी भिक्षूंना अनुमती दिल्याची नोंद विनयपिटकातील महावग्गात आहे.

या फळांत असे काय आहे? वांगे चिरून ठेवले की काळे पडते. लिंबू पिळले की ती क्रिया मंदावते. आपल्या शरीरातही ऑक्सिजन वापरला जाताना ‘मुक्त मूलके’ नावाचे अस्थिर कण तयार होतात आणि प्रमाणाबाहेर वाढले तर पेशींना इजा करतात. त्यांना आवर घालणारी द्रव्ये म्हणजे अँटिऑक्सिडंट. आवळ्यात क जीवनसत्त्व व टॅनिन, हिरड्यात चेब्युलिनिक आम्ल, हळदीत कर्क्युमिन, तुळशीत युजेनॉल ही अशीच द्रव्ये होत.

परंतु परीक्षानळीत दिसते ते शरीरात घडेलच असे नाही. फिनलंडमध्ये धूम्रपान करणाऱ्या २९ हजारांहून अधिक पुरुषांवर प्रयोग झाला. बीटा कॅरोटिन या अँटिऑक्सिडंटच्या गोळ्या घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग कमी न होता उलट वाढलेला आढळला. हा निष्कर्ष १९९४ साली प्रसिद्ध झाला. म्हणून आवळा, पालेभाज्या, फळे रोजच्या जेवणात जरूर असावीत. पण डबाबंद महागड्या चूर्णावर कष्टाचा पैसा घालवू नये.

आज हा विषय आम्ही घेतला तो सिकलसेलमुळे. विदर्भात आपल्या समाजात आणि आदिवासी बांधवांत हा आनुवंशिक आजार अधिक आढळतो. यात रक्तातील तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होतात, लवकर फुटतात आणि त्यातून मुक्त मूलके वाढतात. तेवढ्याचा आधार घेऊन कोणी काढ्याने सिकलसेल बरा करतो म्हणाला, तर विश्वास ठेवू नका. दोष जनुकात आहे. काढ्याने जनुक बदलत नाही. डॉक्टरांनी दिलेले फॉलिक ॲसिड, हायड्रॉक्सीयुरिया परस्पर बंद करू नका. ताप, छातीत दुखणे, धाप लागणे अशी लक्षणे दिसताच रुग्णाला दवाखान्यात न्या.

विद्यार्थी मित्रहो, लग्न ठरण्यापूर्वी रक्ततपासणी करून घ्या. आईवडील दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला हा आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते. १ जुलै २०२३ रोजी केंद्र सरकारने सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू केले आहे. वाहक असणे हा कलंक नव्हे, पण ते माहीत नसणे पुढच्या पिढीला महाग पडते.

केवळ परंपरेने चालत आले किंवा कोणी मोठ्याने सांगितले म्हणून मानू नका, पारखून घ्या, असा उपदेश तथागतांनी कालामांना केला. औषधाच्या बाबतीतही आपण तोच मार्ग धरूया. आवळ्याचे झाड अंगणात लावूया आणि रक्ताची तपासणीही करून घेऊया.

नमो बुद्धाय! जयभीम!