सरवा



अमेरिकेत शेतातला उरलेला भाजीपाला गरजूंना पोहोचवणाऱ्या आमच्या गटाचा तिथल्या गावाने गौरव केला, म्हणून आज तुम्ही माझं कौतुक करताय. मनापासून आभार. पण हे काम नवं नाही. कापणीनंतर रानात राहिलेली कणसं वेचायची, याला आपल्याकडे सरवा म्हणतात.

तिकडे आकार वेडावाकडा म्हणून बटाटे, रताळी शेतातच राहतात. कधी भाव इतका पडतो की काढणीची मजुरीही सुटत नाही. व्हर्जिनियात १९७९ साली स्थापन झालेली 'सोसायटी ऑफ सेंट अँड्र्यू' असा माल स्वयंसेवकांकडून वेचून घेते आणि गरजूंपर्यंत पोहोचवते. 'खाऊन कुणी आजारी पडलं तर?' ही शेतकऱ्याची धास्ती १९९६च्या बिल इमर्सन कायद्याने कमी केली. चांगल्या हेतूने अन्न देणाऱ्याला त्यात संरक्षण आहे.

मी फक्त शनिवारी क्रेट उचलते. आपलं रान आम्हाला मोकळं करून देतो तो शेतकरी. पहिला मान त्याचा. घेणाऱ्याचाही मान राखायचा, म्हणून वाटपाचे फोटो आम्ही काढत नाही.

आपल्याकडेही भाव कोसळला की टोमॅटो रस्त्यावर ओततात. आपल्या ग्रुपवर शेतकरी आहेत, टेम्पोवाले आहेत, वसतिगृह चालवणारेही आहेत. जो माल बाजारात जाणारच नाही तेवढाच, शेतकऱ्याला विचारून, सडायच्या आत हलवायचा. त्यासाठी या तिघांनी वेळेवर एकमेकांना फोन करायला हवा.

शाल दिलीत, आता एक टेम्पोही द्या!