फुरसे : वाळूतले आणि कातळावरचे



साप कोठे राहतो, हा प्रश्न प्राणिशास्त्राचा खरा. पण ज्याचे पोट उघड्या माळावर राबून भरते, त्याच्या दृष्टीने तो जिवाचा प्रश्न आहे. कामगार चळवळीतली आम्ही माणसे या विषयाकडे वळलो ती याच वाटेने.

फुरसे आपल्याला कोकणातले म्हणून ठाऊक. वस्तुतः त्याचा विस्तार श्रीलंकेपासून राजस्थान, इराण ओलांडून थेट अरबस्तानापर्यंत आहे. जैसलमेर-बाडमेरकडचे फुरसे कोकणातल्याहून लांब, अडीच फुटांपर्यंतही भरते. झुडपांची वाळू, सैल दगड, उंदरांची बिळे ही त्याची आवडती ठिकाणे. दिवसा उन्हाच्या भीतीने ते दगडाखाली दडते, नाहीतर वाळूत अंग पुरून डोके तेवढे वर ठेवते. रात्री भक्ष्यासाठी निघते. भुसभुशीत वाळूत सरळ सरपटता येत नाही, म्हणून चाल तिरकी. पावसाने जमीन भिजली, की स्वारी झुडपावर चढते.

मग सुमारे ३००० मिलिमीटर पावसाच्या रत्नागिरीत हे जनावर कसे? उत्तर सड्यावर आहे. जांभ्याच्या कातळावरून पाणी वाहून जाते. उन्हाळ्यात तो उघडा, तापलेला, कोरडा पडतो आणि सुट्या चिऱ्यांखाली आसरा मिळतो. वाळवंट नकाशावर नसले तरी पायाखाली असू शकते! इंग्रजी अमदानीत येथे फुरसे मारण्याबद्दल सरकार बक्षीस देई. तरी फुरसे संपले नाही.

आता मुद्द्याचे. लशीसाठी लागणारे विष बहुतांशी तमिळनाडूत, इरुळा लोकांच्या १९७८ साली निघालेल्या सहकारी संस्थेत काढले जात आले आहे. त्या कष्टकऱ्यांचे उपकार मोठे. परंतु ठिकाण बदलले की विषही बदलते. थरच्या फुरशाच्या विषावर ही लस तितकी लागू पडत नाही, असे संशोधकांना आढळले आहे. फुरशाच्या विषाने रक्त गोठेनासे होते. तेथे ढिली लस काय कामाची?

२००० ते २०१९ या काळात देशात सर्पदंशाने वर्षाला सरासरी ५८,००० माणसे दगावली, असा अंदाज आहे. २०३० पर्यंत हे मृत्यू निम्मे करण्याचा आराखडा केंद्र सरकारने २०२४ साली जाहीर केला. आमचे मागणे एवढेच, की ज्या मुलखाचा साप, त्या मुलखाच्या विषाची लस व्हावी. ती तालुक्याच्या दवाखान्यात असावी. आणि खाणीवरच्या, रस्त्यावरच्या प्रत्येक मजुराच्या पायात बूट, हातात बॅटरी असावी. चिरा उचलणाऱ्या हाताखाली काय दडले आहे, हे काम देणाऱ्यालाही कळले पाहिजे.