हुंकार देणारा प्रेक्षक

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षातील कौटुंबिक मेळाव्यात दिलेले व्याख्यान)



सुवर्णमहोत्सवाच्या व्यासपीठावरून संतवाङ्मय, इतिहास किंवा निदान पोलाद असा एखादा भारदस्त विषय मांडला जाईल, अशी आपली अपेक्षा असणे स्वाभाविक आहे. मी मात्र चित्रपट हा विषय घेऊन आपल्यापुढे उभा आहे. आणि त्यातही कलात्मक म्हणून गौरविलेले चित्रपट बाजूला ठेवून, गर्दी खेचणाऱ्या आणि भुताखेतांच्या चित्रपटांविषयी बोलणार आहे. याचे कारण साधे आहे. दुर्ग-भिलाईतील दोन मराठी कुटुंबे एकत्र आली की प्रकृतीची, मुलांच्या परीक्षांची आणि नागपूरच्या गाडीची चौकशी संपते न संपते तोच, “अलीकडे काय पाहिलंत?” हा प्रश्न येतो. मग आजोबांपासून नातवंडांपर्यंत सर्वांना मत असते. तीन पिढ्या एकाच विषयावर समान हक्काने बोलतात, असे प्रसंग आता घरात फार उरलेले नाहीत. म्हणून या गप्पांना मी क्षुल्लक मानीत नाही.

आपण ज्या मातीत राहतो तिने या बाबतीत आपल्याला एक सुंदर धडा दिला आहे. भिलाईजवळच्या गनियारी गावात जन्मलेल्या आणि २०१९ साली पद्मविभूषणाने सन्मानित झालेल्या तीजनबाईंची पंडवानी आपल्यापैकी अनेकांनी प्रत्यक्ष ऐकली आहे. मुख्य गायकाशेजारी एक ‘रागी’ बसलेला असतो. तो हुंकार देतो, मध्येच प्रश्न विचारतो, आश्चर्य व्यक्त करतो. भीमाची गदा कितीही जोरात फिरली, तरी रागी गप्प बसला तर कथा पांगळी होते. आपल्याकडेही गोष्ट सांगणारी आजी, “हुंकार द्या रे, नाहीतर गोष्ट थांबेल,” असे बजावीत असे. चित्रपट पाहून आल्यावर मत देणारा माणूस हा माझ्या दृष्टीने त्या रागीचा भाऊबंद आहे. प्रश्न एवढाच, की आपला हुंकार जागेपणीचा आहे की झोपेतला?

झोपेतल्या हुंकाराची खूण सांगतो. हल्ली चित्रपटाविषयीचे पहिले वाक्य त्याच्या गल्ल्याविषयी असते. किती कोटी, किती दिवसांत! तिकीटखिडकीचा हिशेब निर्मात्याने ठेवावा. तो प्रेक्षकाने पाठ करण्याचे कारण नाही. ‘सैराट’ २०१६ साली प्रदर्शित झाला आणि मराठी चित्रपटाने कधी न पाहिलेला शंभर कोटींच्या घरातला गल्ला त्याने गोळा केला, हे खरे. पण नागराज मंजुळे यांनी साधले ते निराळेच. ज्या प्रेक्षागृहात लोक ‘झिंगाट’वर नाचत होते, त्याच प्रेक्षागृहातून ते मान खाली घालून, एकही शब्द न बोलता बाहेर पडत होते. ती शांतता ही त्या चित्रपटाची खरी मिळकत.

त्या शेवटाविषयी आपल्या मंडळींत दोन तट आहेत. एका ज्येष्ठ भगिनींचे म्हणणे, की एवढे सुंदर प्रेम दाखवून असा घाव घालायला नको होता. एका महाविद्यालयीन मुलीने त्यांना उत्तर दिले, “मावशी, शेवट गोड केला असता तर आपण सगळे बाहेर येऊन आइस्क्रीम खाल्ले असते.” मी त्या मुलीच्या बाजूचा आहे. आणि हा प्रश्न करमाळ्याच्या परिसरापुरता मर्यादित आहे असे समजून आपण येथे सुटकेचा निःश्वास टाकू नये. छत्तीसगढी भाषेतला पहिला चित्रपट, मनू नायक यांचा ‘कहि देबे संदेस’, १९६५ साली आला. त्याचाही विषय भिन्न जातींतील प्रेम हाच होता, आणि त्यालाही विरोध सहन करावा लागला. दोन भाषा, मध्ये एकावन्न वर्षांचे अंतर, आणि दुखणे तेच! ज्या घरात ‘सैराट’ पाहून डोळे पुसले गेले, त्या घरात मुलामुलीने उद्या आपली निवड सांगितली तर काय होईल, हा त्या चित्रपटावरचा खरा अभिप्राय ठरेल.

केदार शिंदे यांच्या ‘बाईपण भारी देवा’ने २०२३ साली आपल्या महिला मंडळाला वेड लावले, हे सांगण्याची आवश्यकता नाही. त्यातील सहा बहिणींना मंगळागौर एकत्र आणते. कथा काही ठिकाणी सैल आहे, विनोद काही ठिकाणी ओढूनताणून आणलेला आहे. परंतु बहिणी पुण्यात, ठाण्यात, अमरावतीत, आणि आपण येथे, अशा अवस्थेत वर्षे काढलेल्या स्त्रीने तो चित्रपट पाहून त्याच रात्री बहिणीला दूरध्वनी लावला असेल, तर समीक्षकाच्या लेखणीपेक्षा तो अभिप्राय वजनदार मानावा लागेल.

‘छावा’ची गोष्ट थोडी वेगळी. शिवाजी सावंत यांची कादंबरी १९७९ची. लक्ष्मण उतेकर यांचा हिंदी चित्रपट २०२५चा. आपल्या शेजारची हिंदी आणि छत्तीसगढी भाषक कुटुंबे तो पाहून आपल्याकडे संभाजीमहाराजांविषयी विचारू लागली, याचा आनंद कोणाला होणार नाही? तथापि रणधुमाळीच्या गदारोळात ‘बुधभूषण’ हा संस्कृत ग्रंथ रचणारा विद्वान राजा मला पुरेसा दिसला नाही. अशा वेळी मुलाला कपाटातले पुस्तक काढून देणे हे आपले काम आहे. चित्रपटाने दार उघडले. आत नेऊन बसविण्याची जबाबदारी घरातल्या वडीलधाऱ्यांची.

आता भयपटांकडे वळतो. भूत पडद्यावर येते ते कोठून? ‘मुंज्या’ हा हिंदी चित्रपट २०२४ साली आला आणि येथील मुलांनी तो डोक्यावर घेतला. दिग्दर्शक आदित्य सरपोतदार मराठी, गाव कोकणातले, आजीच्या भूमिकेत आपल्या सुहास जोशी. मुंज झाल्यावर सोडमुंजेपूर्वी मृत्यू पावलेला बटू मुंजा होऊन पिंपळावर राहतो, ही समजूत आपल्या आजीच्या ओसरीवरची. ती भिलाईच्या सेक्टरमध्ये जन्मलेल्या नातवापर्यंत आजीकडून पोहोचलीच नाही. हिंदीचा फेरा घालून, तिकीट काढून पोहोचली. याचे वैषम्य वाटते. पण निदान पोहोचली, याचे समाधानही आहे.

‘तुंबाड’चेही तसेच. राही अनिल बर्वे यांचा हा चित्रपट २०१८ साली आला तेव्हा त्याचा गाजावाजा बेताचाच झाला. २०२४ साली तो पुन्हा प्रदर्शित झाला, आणि पहिल्या खेपेपेक्षा अधिक कमाई करून गेला. त्यामागची प्रेरणा नारायण धारपांच्या भयकथेची, नाव श्री. ना. पेंडशांच्या ‘तुंबाडचे खोत’वरून सुचलेले, आणि पडद्यावर अखंड कोसळणारा पाऊस कोकणचा. त्याविषयी आमच्या गप्पांत एक तरुण अभियंता म्हणाला, “दचकायला लावणारे प्रसंग मोजकेच; पण घरी आल्यावर स्वतःचीच भीती वाटली.” याहून नेमके मत मी वाचलेले नाही. त्या वाड्यातील हस्तर हा राक्षस भयंकर आहेच. पण त्याच्याकडे पुनःपुन्हा जाणारा आणि शेवटी मुलालाही ती वाट शिकविणारा विनायक अधिक भयंकर आहे. लोभाचा वारसा बाप मुलाला कसा देतो, हे सांगणारी ती कथा आहे.

विशाल फुरिया यांचा ‘लपाछपी’ २०१७ साली मराठीत आला आणि २०२१ साली ‘छोरी’ या नावाने त्यांनीच तो हिंदीत केला. उसाच्या शेतातील एकाकी घर, तेथे आलेली गर्भवती, आणि मुलगी जन्मालाच येऊ नये असे वाटणारी जिवंत माणसे. प्रेतात्म्यांपेक्षा ही माणसे अंगावर काटा आणतात. ‘मुंज्या’तही, हसण्याच्या पडद्याआड, नकार दिलेल्या मुलीचा पिच्छा न सोडणारी पुरुषी हट्टवृत्ती हेच खरे पिशाच्च आहे.

म्हणून माझे आपल्याला आग्रहाचे सांगणे आहे, की भयपट पाहून आल्यावर “घाबरलास का?” एवढ्यावर थांबू नका, “या चित्रपटाने आपल्याला कोणाला घाबरायला शिकवले?” असे विचारा. चांगला भयपट लोभाची, क्रौर्याची, हट्टाची भीती घालतो. वाईट भयपट केस मोकळे सोडलेल्या, एकट्या राहणाऱ्या, वृद्ध, विरूप स्त्रीची भीती घालतो. हा फरक आपल्या प्रदेशात केवळ अभिरुचीचा नाही. येथे ‘टोनही’ ठरवून स्त्रियांना मारहाण झाली आहे, गावाबाहेर काढले गेले आहे. म्हणून राज्याला २००५ साली स्वतंत्र कायदा करावा लागला, आणि एखाद्या स्त्रीला टोनही ठरविणे हाच गुन्हा झाला. महाराष्ट्रानेही २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा केला. पण तो होण्यासाठी डॉ. नरेंद्र दाभोलकरांचे प्राण जावे लागले. पडद्यावरची चेटकीण दिवे लागताच नाहीशी होते. गावातल्या म्हातारीवर लागलेला शिक्का दिवे लागले तरी जात नाही.

एक योगायोग मला नेहमी विचारात पाडतो. छत्तीसगढची हरेली आणि आपली दीप अमावास्या एकाच दिवशी येते. त्या दिवशी शेजारच्या घरांच्या दारावर कडुलिंबाची डहाळी खोचली जाते, आणि आपल्या घरी दिवे घासूनपुसून, पाटावर मांडून त्यांची पूजा होते. अंधाराची भीती दोन्ही घरांना आहे, आणि दोन्ही चाली मला प्रिय आहेत. मात्र डहाळी आणि दिवा हे अंधारासाठी आहेत, शेजारणीसाठी नाहीत, हे मुलांना सांगण्यास त्या संध्याकाळीएवढी चांगली वेळ दुसरी नाही.

शेवटी एक छोटी सूचना. चित्रपट कोणत्याही भाषेतला असो, त्यावरची चर्चा घरी मराठीतून करावी. “मस्त”, “भारी”, “बकवास” या तीन शब्दांत हल्ली सारी समीक्षा उरकते. राग का आला, रडू कोठे आले, कोणाचे वागणे पटले नाही, हे सांगू लागले की भाषेला आपोआप शब्द फुटतात. शाळेत मराठी न शिकलेल्या मुलाला निबंध लिहायला सांगितला तर तो पळून जाईल. ‘तुंबाड’विषयी विचारले तर अर्धा तास बोलेल, अडखळेल, हिंदी शब्द घालील. घालू द्यावा. आपण हुंकार देत राहावे, म्हणजे त्याची गोष्ट थांबणार नाही.