शाळेची भिंत



माध्यमिक शाळेत प्रत्येक तुकडीस निराळी खोली असावी, की भिंती काढून एकाच मोठ्या दालनात दोनतीन तुकड्या बसवाव्यात, हा आजचा विषय. कामठ्यात आधी खोल्या पुऱ्या होऊ द्या, मग भिंती पाडण्याची भाषा करा, असे कोणी म्हणेल. तेही अगदीच गैर नाही.

खुली शाळा आपणांस परकी नव्हे. रवींद्रनाथांनी १९०१ साली शांतिनिकेतनात शाळा काढली, तिचे वर्ग झाडांखाली भरत. ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी कोसबाडला गुराखी मुलांसाठी कुरणशाळा चालविली. परंतु एका झाडाखाली एकच वर्ग बसे आणि दुसरे झाड लांब असे. अंतर हीच तेथली भिंत होती.

इंग्लंड-अमेरिकेत १९६०नंतर भिंतीवाचूनच्या शाळा झपाट्याने बांधल्या गेल्या. मुलांनी गट करून काम करावे, शिक्षकांनी एकमेकांस साहाय्य करावे, हा हेतू उदात्तच होता. पण शेजारचा आवाज ऐकू येऊ लागताच प्रत्येक शिक्षकाने आपला आवाज चढविला. मग कपाटे आडवी आली, फळे आडवे आले, आणि पुष्कळ ठिकाणी भिंती पुन्हा उभ्या राहिल्या. जागतिक आरोग्य संघटनेने १९९९ साली, शिकविणे चालू असता वर्गातील इतर आवाज ३५ डेसिबलच्या वर नसावा, असे सुचविले. आपले साधे बोलणेच साठाच्या आसपास जाते!

आमचा खरा मुद्दा पुढेच आहे. या भागातील कितीतरी मुलांच्या घरी पोवारी, झाडीबोली किंवा हिंदी बोलतात. पुस्तकी मराठी त्यांना शाळेत भेटते, इंग्रजी तर त्याहून दूरची. घरच्या भाषेतला एखादा शब्द निसटला तर कान तो आपोआप भरून काढतो. नव्या भाषेत ते साधत नाही. शेजारी भूगोल चालू असता ‘लसावि’ आणि ‘मसावि’ यांत भेद करायचा तो एका अक्षरावर. त्यात टिनावर पाऊस सुरू झाला की विचारूच नका. हुशार मूल पुस्तकावरून सावरते. मागच्या बाकावरचे गप्प बसते, आणि आपण त्याला मंद ठरवितो.

खोलीतही दोष आहेत. रांगेने बसलेली मुले आणि एकटा बोलणारा गुरुजी, हे चित्र आम्हांसही रुचत नाही. म्हणून प्रयोगासाठी, वाचनासाठी एक मोठे दालन अवश्य असावे. रुंद पडवी असावी. पण शिकविण्याची खोली बंद होणारी हवी. २००९चा शिक्षण हक्क कायदा शिक्षकागणिक किमान एक वर्गखोली मागतो, पण तो आठवीपर्यंतच. नववी-दहावीची चिंता आपणच वाहिली पाहिजे.

तेव्हा नव्या इमारतीचा नकाशा पुढे येईल त्या दिवशी शाळा समितीने तशाच एखाद्या जागी मागच्या बाकावर एक मूल बसवावे, पंखे लावावेत, शेजारचा वर्ग चालू ठेवावा, आणि दहा शब्द सांगून ते त्याला लिहावयास लावावेत. कागद पाहूनच सही करावी.