शनिवारची शाळा
(सुवर्णमहोत्सवी सभेतील धर्मगुरूंचे भाषण)



मुलांच्या भाषेविषयी चार शब्द बोलावेत, अशी आपली आज्ञा झाली. त्यासाठी आपणांस फार दूर नेत नाही. कोल्हापूरनजीक वळिवडे गावी नेतो.

१९४३ ते १९४८ ह्या काळात तेथे सुमारे पाच हजार पोलिश निर्वासितांची वसाहत होती. १९४०-४१ साली सोव्हिएत सत्तेने ह्या कॅथलिक कुटुंबांना पूर्व पोलंडातून सैबेरियाकडे हाकलून नेले होते. १९४२ साली ती इराणात पोहोचली, व तेथून पुढे काही हिंदुस्थानात आली. कर्ते पुरुष बहुतेक सैन्यात. वसाहतीत स्त्रिया, मुले व वृद्धच अधिक. तरीही त्यांनी तेथे देऊळ मांडले आणि पोलिश भाषेतून प्राथमिक व माध्यमिक शाळा चालविल्या. सर्वस्व गेल्यावर व्याकरण कशास हवे, असे कोणी म्हणेल. त्या माता तसे म्हणाल्या नाहीत. मायदेशी परतल्यावर मुले परकी ठरू नयेत, हा त्यांचा हेतू होता.

परंतु युद्ध संपले तेव्हा पूर्व पोलंड सोव्हिएत संघात गेला होता. परतावे तरी कोठे? कित्येक कुटुंबे इंग्लंडास गेली.

आता शाळेचे प्रयोजन सरले, असेच वाटावे. घडले उलट. मुले आठवडाभर इंग्रजी शाळेत, आणि शनिवारी पोलिश वर्गात, पुष्कळदा देवळाच्याच सभागृहात. १९५३ साली लंडनमध्ये अशा शाळांच्या पाठीशी उभी राहणारी ‘पोल्स्का माचेश श्कोल्ना’ ही संस्था निघाली. खेळ सोडून व्याकरण घोकणे मुलांना आवडत असे, असे मी मुळीच म्हणत नाही! शनिवारच्या दोनतीन तासांनी भाषा टिकत नाही. ती घरच्या जेवणावेळी टिकते. तथापि शाळा तिला अक्षर देते. शिवाय ही बोली केवळ आजीची नव्हे, आपल्या वयाची इतर मुलेही ती बोलतात, एवढे मुलास तेथे डोळ्यांनी दिसते. माझ्या मते हाच तिचा मोठा उपकार होय. २००४ साली पोलंड युरोपीय संघात आल्यावर नव्याने इंग्लंडास गेलेल्या कुटुंबांनाही ह्याच शनिवारच्या शाळांचा आसरा मिळाला.

आपल्याही कित्येक घरांत आजी रोझरी मराठीतून म्हणते व नातवंड इंग्रजीतून उत्तर देते. त्यात मुलाचा दोष नाही. त्यास दुसरे काही कोणी शिकविलेच नाही. रविवारी मिस्सेनंतर आपले सभागृह रिकामे असते. एक तास मुलांस मराठी शिकविण्यास जो पुढे येईल, त्यास मी किल्ली देईन.