महाडहून गेलेले पत्र



बलाढ्य शेजाऱ्याशी लहान राज्याने कसे वागावे, हा राजकारणातला फार जुना प्रश्न आहे. उत्तरेकडील संयुक्त संस्थानांशी मेक्सिकोचे जे खटके उडत आले, त्यांच्या मुळाशी हाच प्रश्न आहे. परंतु त्याचा अभ्यास करावयास आपणांस समुद्र ओलांडण्याचे कारण नाही. महाड आणि पोलादपूर यांच्या परिसरात, एकाच परक्या सत्तेसंबंधी, या प्रश्नाची दोन अगदी भिन्न उत्तरे दिली गेली आहेत.

पहिले उत्तर १६७४ सालचे. त्या वर्षीच्या मे महिन्यात मुंबईकर इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झिंडन रायगडाखाली पाचाडास आला. शिवाजी महाराज त्या वेळी पोलादपूरच्या वरच्या अंगास, प्रतापगडावर, भवानीच्या दर्शनास गेले होते. वकिलाने पाचाडास मुक्काम करून वाट पाहिली. ६ जूनच्या राज्याभिषेकास तो नजराणा घेऊन हजर राहिला. राजापूरच्या लुटीची भरपाई आणि व्यापाराच्या सवलती त्यास हव्या होत्या. महाराजांनी तह केला. मात्र इंग्रजी नाणे आपल्या मुलुखात चालावे, या मागणीवर त्यांचे म्हणणे असे पडले की, नाणे आपल्या अंगच्या मोलाने खुशाल चालावे. प्रजेवर त्याची सक्ती होणार नाही. शेजाऱ्यास दुखविले नाही, आणि राजाचा अधिकारही सोडला नाही.

दुसरे उत्तर १८०२ सालचे. एप्रिल १८०१ मध्ये दुसऱ्या बाजीरावाने विठोजी होळकरास पुण्यात हत्तीच्या पायी दिले. विठोजीचे बंधू यशवंतराव होळकर फौजेनिशी पुण्यावर चालून आले. २५ ऑक्टोबर १८०२ रोजी हडपसरच्या लढाईत पेशवे व शिंदे यांच्या फौजांचा मोड झाला. बाजीराव सिंहगड, रायगड करीत महाडास उतरला. पुणे सोडतानाच त्याने इंग्रज रेसिडेंट बॅरी क्लोज याजकडे पलटणी पदरी ठेवण्याचे वचन पोचते केले होते. आता महाडहून मुंबईस पत्र गेले, आम्हांस नेण्यास जहाजे पाठवा. ज्या रायगडाखाली इंग्रजांचा वकील तिष्ठत बसला होता, त्याच्याच छायेतून १२८ वर्षांनी हे पत्र निघाले. पुढे सुवर्णदुर्ग, तेथून इंग्रजी जहाजाने वसई, आणि ३१ डिसेंबर १८०२ रोजी तह! सहा पलटणींची तैनाती फौज आली, तिच्या खर्चासाठी सालिना २६ लाखांचा मुलूख गेला, आणि इंग्रजांच्या सल्ल्यावाचून परराज्याशी बोलणे करण्याचा हक्कही गेला.

कोणी म्हणेल, होळकर पाठीवर असता बिचाऱ्याने करावे तरी काय? हा आक्षेप अगदीच पोकळ नाही. पाठलाग खरोखरच चालू होता. परंतु पेशव्यांनी परत यावे म्हणून यशवंतरावांकडून बोलणेही होत होते. घरातल्या भांडणात थोडे नमते घेण्याची लाज वाटली, म्हणून दाराबाहेरच्या बलवंतापुढे सर्वस्वी नमावे लागले. त्या एका पत्राचे मर्म हेच होय.

मेक्सिकोचा अनुभव याहून निराळा नाही. १८४६ साली युद्ध जुंपले तेव्हा तेथील पक्ष एकमेकांच्या उरावर बसले होते आणि राष्ट्राध्यक्षामागून राष्ट्राध्यक्ष बदलत होते. १८४८ च्या तहाने सुमारे निम्मा देश उत्तरेकडे गेला. उलट १९३८ साली लाझारो कार्देनास यांनी परदेशी कंपन्यांचे तेल राष्ट्राच्या मालकीचे केले, तेव्हा भरपाईच्या निधीस बायकांनी दागिने आणि शेतकऱ्यांनी कोंबड्यादेखील दिल्या. उत्तरेकडून खलिते आले, बहिष्कार पडला, पण सैन्य आले नाही. महायुद्धाची छाया हेही त्याचे कारण खरे. तथापि १९४१ साली जो समझोता झाला, तो एकजूट राष्ट्राशी झाला. देश तोच, शेजारी तोच; पालट झाला होता तो घरात.

मुत्सद्देगिरी ही घराच्या मजबुतीवर काढलेली हुंडी आहे. पेढीत शिल्लक नसेल, तर अक्षर कितीही वळणदार असो, ती वटत नाही. १८१८ च्या मे महिन्यात इंग्रजांच्या तोफा रायगडावर धडाडल्या, तेव्हा गडावर आश्रयास राहिलेल्या वाराणसीबाई या त्याच बाजीरावाच्या पत्नी होत्या.