जोडीनं वाचायची पुस्तकं



"काहीतरी चांगलं वाचायला सुचवा," असं कुणी म्हटलं की मी आधी उलट प्रश्न विचारतो. शेवटचं पुस्तक कोणतं वाचलंत आणि ते मिटताना मनात काय शंका आली? पुढचं पुस्तक बहुतेक वेळा त्या शंकेतच दडलेलं असतं. शंभर उत्तम पुस्तकांच्या याद्या आपण नेहमी बघतो. त्या वाईट नसतात, पण तुमच्या डोक्यात काय घोळतंय हे यादी करणाऱ्याला ठाऊक नसतं.

आज मी पुस्तकं सुचवणार आहे, पण सुटी सुटी नाही. जोडीजोडीनं. एक कथा-कादंबरीतलं आणि एक खऱ्या हकिकतीचं किंवा अभ्यासाचं.

असं का, ते सांगतो. आपल्या बहुतेक ग्रंथालयांत कपाटांची दोन गावं असतात. एकीकडे कथा-कादंबऱ्या, दुसरीकडे चरित्रं, इतिहास, विज्ञान, प्रवासवर्णनं. वाचकही मग या नाही तर त्या गावचा रहिवासी होतो. एक म्हणतो, "कादंबऱ्यांत वेळ जातो हो, माहिती काय मिळते?" दुसरा म्हणतो, "माहितीची पुस्तकं जड जातात." दोघांचंही नुकसान होतं. पण त्याहून मोठं नुकसान तिसऱ्याचं. तो कादंबरी वाचतो आणि तोच इतिहास समजून चालतो. कादंबरीकारानं रात्री जागून रचलेलं वाक्य व्यासपीठावरून ऐतिहासिक पुरावा म्हणून ऐकू येतं, हा अनुभव तुम्हालाही असेल. यात कादंबरीकाराचा काही दोष नाही. त्यानं कादंबरी लिहिली, पुढचं काम वाचकाचं होतं.

सुरुवात कर्णापासून करू. शिवाजी सावंतांची 'मृत्युंजय' १९६७ साली आली. महाराष्ट्रातल्या दोन-तीन पिढ्यांचा कर्ण हा त्या कादंबरीतला कर्ण आहे. स्वतः कर्ण, कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण आणि श्रीकृष्ण अशी एकेक व्यक्ती आपल्या तोंडून कथा सांगते आणि पुस्तक संपेपर्यंत आपण पुरते कर्णाच्या बाजूचे होऊन जातो. त्याच १९६७ साली मराठीत आणखी एक पुस्तक आलं, इरावती कर्वे यांचं 'युगान्त'. त्याला १९६८चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. इरावतीबाई मानववंशशास्त्राच्या अभ्यासक. महाभारतातल्या माणसांकडे त्या माणसं म्हणूनच बघतात, आणि त्यांचा कर्ण आपल्या ओळखीचा राहत नाही.

इरावतीबाईंच्या हाताशी एक मोठं साधन होतं. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरानं महाभारताची चिकित्सक आवृत्ती तयार करायचं काम १९१९ साली हाती घेतलं आणि १९६६ साली ते पुरं झालं. देशभरातल्या बाराशेहून अधिक हस्तलिखितांचा त्यासाठी विचार झाला. कोणता श्लोक जुना, कोणता मागाहून घुसलेला, हे एकेक पोथी ताडून ठरवलं गेलं. आता गंमत बघा. स्वयंवराच्या मंडपात कर्ण धनुष्य उचलायला उठतो आणि द्रौपदी सर्वांसमक्ष म्हणते की मी सूतपुत्राला वरणार नाही. हा प्रसंग तुम्हा-आम्हा सर्वांच्या डोळ्यांसमोर आहे. चिकित्सक आवृत्तीच्या मूळ संहितेत तो नाही. संपादकांनी तो प्रक्षिप्त ठरवून तळटीपांत ढकलला. उलट द्यूतसभेत द्रौपदीबद्दल कर्णाच्या तोंडी असलेले अत्यंत हीन उद्गार मात्र संहितेत आहेत. तिची आणि पांडवांची वस्त्रं काढून घ्यायला दुःशासनाला सांगणारा कर्णच. गंधर्वांशी झालेल्या लढाईत दुर्योधनाला मागे ठेवून पळ काढणाराही तोच.

म्हणजे 'मृत्युंजय' खोटी का? असा निवाडा करण्याची घाई नको. महाभारतावर पुढच्या काळातल्या माणसांनी आपापली भर घातली. भासानं 'कर्णभार' लिहिलं, त्यालाही किती शतकं लोटली. सावंत त्याच परंपरेतले. मात्र 'मृत्युंजय' मिटल्यावर आठ दिवसांत 'युगान्त' उघडलं, तर स्वतःवरच एक प्रयोग होतो. आपल्याला कर्ण का आवडतो? त्याच्या गुणांसाठी, की जन्मावरून डावलल्या गेलेल्या माणसाबद्दल आपल्या मनात जे आहे ते त्याच्यावर चढवतो म्हणून? हा प्रश्न एकट्या 'मृत्युंजय'मधून पडत नाही आणि एकट्या 'युगान्त'मधूनही पडत नाही.

ज्यांना पौराणिकापेक्षा ऐतिहासिक अधिक आवडतं त्यांच्यासाठी अशीच सरळ जोडी म्हणजे विश्वास पाटलांची १९८८ची कादंबरी 'पानिपत' आणि त्र्यंबक शंकर शेजवलकरांचं 'पानिपत : १७६१'. शेजवलकर वाचायला सोपे नाहीत, फटकळही आहेत. पण रसद कुठे अडली, सैन्याबरोबर लढणारे किती आणि बाजारबुणगे किती, या रुक्ष प्रश्नांची उत्तरं शोधताना सदाशिवरावभाऊंकडे बघायची दृष्टी बदलते. आधी कादंबरी वाचावी, म्हणजे शेजवलकरांच्या पानांतली नावं ओळखीची झालेली असतात. हा क्रम उलटा केलात तर शेजवलकर पन्नासाव्या पानावर सुटतील, हे आत्ताच सांगून ठेवतो.

आता माझ्या सर्वांत आवडत्या जोडीकडे येतो. खरं म्हणजे ती जोडी नाही, त्रिकूट आहे.

१८९० साली हरिभाऊ आपट्यांनी 'करमणूक' साप्ताहिक सुरू केलं आणि त्यात 'पण लक्षात कोण घेतो?' क्रमशः छापायला घेतली. लेखक सव्वीस वर्षांचा पुरुष, आणि कादंबरी एका यमूनं स्वतःच्या तोंडून सांगितलेली आत्मकथा. माहेर, सासर, शिकवू पाहणारा नवरा रघुनाथराव, त्याचा मृत्यू, आणि मग शंकरमामंजींच्या हातून झालेली विटंबना. आजही ती पानं वाचताना घशाशी येतं. पण वाचकाला प्रश्न पडायलाच हवा की हे बाईनं सांगितलेलं आहे का? की बाईनं असं सांगितलं असतं असं एका सहृदय पुरुषाला वाटलं?

उत्तर द्यायला दोन बायका हजर आहेत. रमाबाई रानडे यांचं 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' १९१० साली प्रसिद्ध झालं. १८७३ साली अकरा वर्षांच्या रमाबाईंचं लग्न एकतीस वर्षांच्या न्यायमूर्ती महादेव गोविंद रानड्यांशी झालं. पहिली पत्नी गेल्यावर हा सुधारक विधवेशी विवाह करील अशी लोकांची अपेक्षा होती, पण वडिलांच्या आग्रहापुढे त्यांनी मान तुकवली. त्याच रानड्यांनी या मुलीला अक्षरओळखीपासून शिकवलं. नवऱ्यानं शिकवायचं आणि घरातल्या बायकांनी त्यावरून टोचून बोलायचं, या दोहोंच्या मधे उभी असलेली ती मुलगी पुढे काय झाली ते आपण जाणतोच. पुण्याचं सेवासदन तिनं उभं केलं. गंमत अशी की रमाबाई तक्रारीचा सूर लावत नाहीत. यमू जिथे आक्रोश करते तिथे रमाबाई गप्प राहतात. मला ती शांतता जास्त बोलकी वाटते. काही वाचकांना ती खटकते, आणि त्यांच्या म्हणण्यातही तथ्य आहे.

तिसऱ्या लक्ष्मीबाई टिळक. त्यांच्या 'स्मृतिचित्रे'बद्दल सांगायचं तर वेगळं भाषण लागेल. सत्तावनच्या धामधुमीत आजोबांना फाशी झाली आणि त्यानंतर वडिलांच्या डोक्यात सोवळ्याचं असं वेड शिरलं की घरादाराचे हाल झाले. हे सगळं लक्ष्मीबाई सांगतात आणि आपण हसतो! पुढे नवरा, म्हणजे कवी नारायण वामन टिळक, १८९५ साली ख्रिस्ती झाले. घर मोडलं, पुन्हा जुळलं, पाच वर्षांनी त्यांनीही तोच धर्म स्वीकारला. या साऱ्यातून जाताना या बाईचा विनोद कुठे आटत नाही. हरिभाऊंच्या यमूला हसणं असं फार सुचत नाही. इथे मला कादंबरीची एक मर्यादा दिसते. दुःखी बाई आपल्याच दुःखातली विसंगती पाहून हसू शकते, ही गोष्ट हरिभाऊंसारख्या समर्थ लेखकालाही बाहेरून कळली नसावी. पण न्याय करायचा तर हेही सांगितलं पाहिजे की यमूसारख्या असंख्य मुली आठवणी लिहिण्याइतक्या शिकल्या नाहीत, शिकल्या तरी लिहू दिल्या गेल्या नाहीत. ज्यांचं आत्मचरित्र असूच शकत नव्हतं त्यांचं हरिभाऊंनी लिहून ठेवलं. कादंबरीची गरज तिथे असते.

गेल्या शतकाच्या उत्तरार्धाकडे आलं की मुंबईचं गिरणगाव समोर उभं राहतं. १८ जानेवारी १९८२ला गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले, आणि बहुतेकांसाठी तो संप कधी संपलाच नाही. जयंत पवारांचं 'अधांतर' हे नाटक या संपानंतरच्या एका घराचं आहे. एकाच खोलीत आई आणि मोठी झालेली मुलं, एकेकाची वाट वेगळी आणि कुणाचीच धड नाही. नाटक वाचायची सवय नसेल तर पवारांच्या 'फिनिक्सच्या राखेतून उठला मोर' या कथा घ्या. त्यांना २०१२चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. आणि शेजारी ठेवा नीरा आडारकर आणि मीना मेनन यांचं 'कथा मुंबईच्या गिरणगावची'. त्यात कामगार, कार्यकर्ते, शाहीर, खाणावळी चालवणाऱ्या बाया स्वतः बोलतात. ज्या जागी आज काचेचे मनोरे आणि मॉल दिसतात, तिथे पाळी सुटल्याचा भोंगा कसा वाजायचा हे त्या पुस्तकात आहे. भोंगा बंद झाल्यावर घरात काय झालं, हे पवारांकडे आहे.

निसर्गाची ओढ असणाऱ्यांनी व्यंकटेश माडगूळकरांची 'सत्तांतर' ही छोटी कादंबरी वाचावी. पात्रं सगळी वानरं. टोळीचा नायक बदलतो आणि त्याची किंमत पिलांना मोजावी लागते. वाचताना अंगावर काटा येतो आणि वाटतं, लेखकानं माणसाचं राजकारण माकडांवर लादलं. तसं नाही. जपानी शास्त्रज्ञ युकिमारू सुगियामा यांनी १९६०च्या दशकात आपल्या शेजारच्या धारवाडकडच्या रानात असंच वर्तन नोंदलं होतं. याला जोड म्हणून मारुती चितमपल्लींचं आत्मचरित्र 'चकवाचांदण' द्यावं. वनखात्यात आयुष्य काढलेल्या या माणसानं रानातल्या लोकांकडून शब्द गोळा केले. २०२५ साली ते गेले, आणि जंगलाची एक भाषाच जणू त्यांच्याबरोबर थांबली.

त्याच वर्षी जयंत नारळीकरही गेले. त्यांच्या विज्ञानकथांचा 'यक्षांची देणगी' हा संग्रह शाळकरी मुलांच्या हाती आवर्जून द्यावा, आणि घरातल्या मोठ्यांनी 'चार नगरांतले माझे विश्व' हे त्यांचं आत्मचरित्र घ्यावं. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेला त्यांनी कथा पाठवली ती नारायण विनायक जगताप या नावानं. स्वतःच्या आद्याक्षरांचा क्रम उलटा केला आणि अक्षर ओळखू येऊ नये म्हणून पत्नीकडून लिहून घेतली. कथेला पहिलं बक्षीस मिळालं. नाव पाहून बक्षीस मिळू नये, ही शास्त्रज्ञाची शिस्त कथेतही पाळलेली!

वेळ संपत आली, तरी एक जोडी सांगितल्याशिवाय राहवत नाही. बाबा पदमनजींची 'यमुनापर्यटन' १८५७ साली प्रसिद्ध झाली. मराठीतली पहिली स्वतंत्र कादंबरी म्हणून तिचं नाव घेतात. यमुना आणि तिचा नवरा गावोगाव फिरतात आणि विधवांच्या कहाण्या ऐकतात. कादंबरी म्हणून ती बेताची आहे, उपदेश फार. त्याच १८५७ साली पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट गोडसे कर्ज फेडण्याइतकी दक्षिणा मिळवावी म्हणून काकांबरोबर उत्तरेकडे निघाले आणि बंडाच्या ऐन धुमाळीत सापडले. झाशीच्या वेढ्यात ते शहरात होते. अनेकदा लुटले गेले. घरी परतले ते गंगेची कावड घेऊन. त्यांचं 'माझा प्रवास' या वर्षभर चाललेल्या आगीचं वर्णन करतं, पण त्यात स्वयंपाक, ओवळं-सोवळं आणि पायांचे फोडही आहेत. एकाच साली निघालेले हे दोन प्रवास. एक मनात योजलेला, एक नशिबानं घडवलेला.

ही जुनी पुस्तकं स्वामित्वहक्कातून मोकळी झाली आहेत, त्यामुळे स्वस्त आवृत्त्या मिळतात. फक्त 'माझा प्रवास' घेताना पहिलं पान उघडून बघा. १९०७ साली चिंतामणराव वैद्यांनी ते प्रसिद्ध केलं तेव्हा त्यात काटछाट आणि फेरफार केले होते. गोडसेभटजींच्या मूळ हस्तलिखिताबरहुकूम आवृत्ती पुढे निघाली. दुकानदाराकडे तीच मागा.